मांडावरच्या स्कुटरी

पौषातल्या पाच रात्री
मी माझ्या अकरा स्कुटरी मांडावरून काढतो
आणि बंद पडलेल्या मराठी शाळेच्या भिंतीला लावतो,
एकीला खेटून एक.
वर्षातले उरलेले दिवस ही जागा माझी. म्हणजे
भाटकाराची. म्हणजे
नेमकी कुणाची, ते सर्व्हेवाल्यालाही
दोनदा येऊन नीट सांगता आलं नाही.

दुपारीच शेवंतीवहिनी शेणाची बादली घेऊन येते.
ऑइलच्या डागावर आधी राख टाकते,
मग माती, मग शेण,
मग माझ्याकडे एक नजर.
डाग वर येतोच.
तिथेच ती समई ठेवते, भोवती रांगोळी घालते.

खाली किनाऱ्यावर सीझन ऐन भरात.
शॅकच्या फळ्यावर इसवणाचा भाव, रशियन अक्षरांत.
आठ हिवाळे न चुकता येणारी ल्युदमिला
पोदेराकडून उधारीवर पाव घेते
आणि त्याच्या आजारी आईची चौकशी करते, कोकणीत.
इनासिनाच्या अंगणात नाताळचा गोठा अजून उभाच,
तिसऱ्या बक्षिसाचा कागद छपराला टाचलेला.
बाळ येशू आत नेलाय,
गवत शेजारच्या वासराने खाल्लंय,
आणि दिव्यांची माळ तिने धालोंसाठी दिलीय:
लाल, हिरवी, लाल,
सहाव्या दिवशी परत करण्याच्या बोलीवर.

दहाच्या सुमारास बाया येतात.
कुणी रिसॉर्टच्या चादरी धुऊन,
कुणी अठ्ठावीस खोल्या झाडून,
कुणाच्या हातांना मसाजच्या तेलाचा वास.
साडीखाली मोजे.
थंडी तशी काही नाही,
पण पारा विसावर आला की आम्ही कानटोप्या शोधतो.
दोन ओळी समोरासमोर, एकमेकींच्या कमरेत हात.
एक ओळ वाकत पुढे, दुसरी मागे.
दोघी मिळून मोठ्या चादरीची घडी घालतात ना, तशा:
जवळ, टोकाला टोक,
परत लांब.

पुरुषाने मांडावर पाय ठेवायचा नाही.
मी भिंतीपलीकडे, स्कुटरच्या सीटवर,
फोनमध्ये डोकं घालून. ऐकतोय कुठे मी.

पाचव्या रात्री सोंगं.
कुणी वाघ झाली, कुणी शिकारी,
कुणी टॉवेल मोजणारा मॅनेजर,
सतराच्या पुढे आकडे विसरणारा.
मग एक आली
माझ्यासारखी टोपी घालून, कानावर पेन,
डावा पाय किंचित ओढत.
समोर आंब्याची डहाळी धरून वनदेवी उभी.
"दिवसाला चारशे. पेट्रोल तुझं. पासपोर्ट ठेव."
आवाज माझाच, माझ्यापेक्षा पक्का.
देवी म्हणाली, मी तर चालतच येते,
दर पौषात, ह्याच वाटेने.
"पासपोर्ट?"
नाही रे बाबा.
"मग बाजूला हो. गिऱ्हाइकं यायचीत."

असा हशा पिकला
की वाघानेही शेपूट सोडून पोट धरलं.
ल्युदमिला सगळ्यांत मोठ्याने हसली,
तिला काय कळलं देव जाणे.
हसलो मीही. जरा उशिराने.

सकाळी सातला पुण्याचे दोघे आले,
केरीच्या किल्ल्याला जायचं म्हणाले.
स्कुटरी भिंतीलाच होत्या, दवाने ओल्या.
मांडावर शेण वाळलेलं,
त्यात टाचांचे अर्धगोल,
डागाभोवतीची रांगोळी जशीच्या तशी.
म्हटलं, आज नाही.
"सगळ्या बुक आहेत का, काका?"
हो, म्हटलं.
कुणाच्या नावावर, ते त्यांनी विचारलं नाही.

इतक्यात बायको रात्रभराचं जागरण डोळ्यांत घेऊन
मांडाकडून आली,
चहा ठेवते म्हणाली.
पेन अजून कानावरच होतं.